पेशीचं पटल, खाल्लेलं तूप आणि मधला गोंधळ

जीवशास्त्रवाली (धागाकर्ती)

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी चालणाऱ्यांचा आमचा ग्रुप आहे. रविवारी तिथे एका आहारसल्लागारांचं भाषण झालं. सार असं, की पेशीभोवतीचं आवरण फॅटचं असतं, म्हणून रोज चार चमचे गाईचं तूप खा, नाहीतर पेशी 'कोरड्या' पडतात. दुसऱ्या दिवसापासून निम्म्या ग्रुपने वरणभातावर तुपाची धार धरली. उरलेल्यांनी कोलेस्टेरॉलच्या धास्तीने तूप-तेल दोन्ही बंद केलं. आता दोन्ही पार्ट्या मला गाठून विचारतात, "तू बायोलॉजी शिकवतेस ना, मग सांग." चालता चालता सांगून होण्यासारखं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आवरण स्निग्ध पदार्थाचं असतं, हे खरंच आहे. पण तो पदार्थ तूप नव्हे. तूप, शेंगदाण्याचं तेल, खोबरेल, सगळे ट्रायग्लिसराइड. म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. पेशीच्या आवरणात, म्हणजे पेशीपटलात, असतात ते मुख्यतः फॉस्फोलिपिड. यात शेपट्या दोनच, आणि तिसऱ्या जागी फॉस्फेटचा गट. एवढ्याशा बदलाने सगळी गंमत होते. फॉस्फेटच्या डोक्याला पाणी हवं असतं, शेपट्यांना पाणी नको असतं. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपले आपण दोन थरांत लागतात: शेपट्या आत एकमेकींकडे, डोकी दोन्ही बाजूंनी पाण्याकडे. कोणी रचावं लागत नाही. दोन्ही थर मिळून जाडी साधारण ५ नॅनोमीटर. असे वीस हजार पापुद्रे एकावर एक ठेवले तर वहीच्या एका कागदाएवढी जाडी होईल.

थर दोनच आहेत हे कळलं कसं, ती गोष्ट मी वर्गात हमखास सांगते. १९२५ साली हॉलंडमधल्या लायडनला गॉर्टर नावाचे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी माणूस, कुत्रा, बकरी, मेंढी, ससा, गिनिपिग अशा सगळ्यांचं रक्त घेतलं. लाल पेशीच का? सस्तन प्राण्यांच्या पक्व लाल पेशीत केंद्रक नसतं, आत दुसरी पटलंही नसतात. जो काही मेद निघेल तो बाहेरच्या आवरणाचाच. तो ॲसिटोनने काढून पाण्यावर एका रेणूच्या जाडीत पसरवला, तर क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. म्हणजे थर दोन! पुढे लक्षात आलं की ॲसिटोनने सगळा मेद निघालाच नव्हता, आणि पेशीचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं. बोर्डाच्या पेपरात असं झालं तर मार्क द्यायचे की नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्ये कायम वाद.

हे पटल स्थिरही नसतं. शाहीस्नानाच्या दिवशी रामकुंडावर माणूस जसा आजूबाजूला सरकत राहतो पण उलटा फिरू शकत नाही, तसे हे रेणू आपापल्या थरात सतत जागा बदलतात. जिवाणूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला एका रेणूला जेमतेम सेकंद लागतो. एका थरातून पलीकडच्या थरात मात्र तो आपण होऊन क्वचितच जातो. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी एकत्र जोडून पाहिली. दोघांच्या पटलातल्या प्रथिनांना वेगवेगळे रंग दिले होते. ३७ अंशांना चाळीस मिनिटांत रंग पार मिसळून गेले. थंड ठेवल्यावर मिसळले नाहीत. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी जे चित्र मांडलं, ते आजही अकरावीच्या पुस्तकात आहे: वाहता मेद आणि त्यात तरंगणारी प्रथिनं.

आता खाल्लेल्या तुपाचं काय होतं ते पाहू. आतड्यात पित्त त्याचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडातलं लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) शेपट्या तोडतं, आतड्याच्या पेशी तुकडे शोषून पुन्हा जोडतात, आणि मग ते लसिकावाहिन्यांतून रक्तात येतात. तिथून कुठे जळण, कुठे साठा, कुठे पटल, हे शरीर ठरवतं. कार्बोदकांपासूनही यकृत मेदाम्लं बनवतं. त्यामुळे तूप बंद केल्याने पेशीचं पटल पातळ झालेला माणूस कोणी पाहिलेला नाही.

तर माझं म्हणणं एवढंच: पटलाला मेद लागतो म्हणून ताटात मेद ओतावा लागतो, हा हिशोब जुळत नाही. याला अपवाद फक्त दोन मेदाम्लांचा. त्याबद्दल कोणी विचारलं तर लिहिते, आता वह्या तपासायच्यात.

सातपूर_शिफ्ट

मॅडम, लेख भारी. पण तूप खायचं की नाही? एका ओळीत सांगा, कंपनीची बस येईल.

जीवशास्त्रवाली

खा, धार धरू नका.

लॅबवाला_दादा

ताईंनी लिहिलंय ना, तूप तुकडे होऊन रक्तात येतं म्हणून, ते मी रोज डोळ्यांनी पाहतो. रविवारी सकाळी मिसळ हाणून लोक थेट लिपिड प्रोफाइलला, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीला, येतात. "उपाशी आहात ना?" विचारलं की "हो, फक्त नाश्ता केलाय." नळी सेंट्रिफ्यूजमधून काढली की खाली लाल पेशी आणि वर सीरम. सीरम खरं तर पिवळसर, पारदर्शक दिसायला हवं. तेलकट खाऊन आलेल्या काहींचं मात्र दुधासारखं गढूळ निघतं, नळीमागे धरलेला छापील कागद वाचता येत नाही. आतड्याने बांधून पाठवलेले चरबीचे गोळे ते, कायलोमायक्रॉन.

यात फार बिघडतं ते ट्रायग्लिसराइड. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, थेट मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र धरत नाही. हल्ली उपाशी नसतानाही तपासणी चालते असं बरेच डॉक्टर म्हणतात, पण तर्रीच्या तिसऱ्या वाटीनंतर नको रे बाबा.

तर्रीबाज

लॅबवाल्या दादांचा निषेध. नाशकात राहून मिसळीवर बोट?

मॅडम, धागा तेलाचा आहे म्हणून विचारतो. तर्रीने जीभ पेटल्यावर पाणी प्यायलं तर आणखी का भडकते? आणि दह्याने का बरं वाटतं?

जीवशास्त्रवाली

@तर्रीबाज, प्रश्न अगदी विषयातला आहे. मिरचीचा तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन, आणि ते तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. मिरचीचा लाल रंगही तेलातच उतरतो, म्हणून कटाचं पाणी खाली राहतं आणि लालभडक तवंग वर. जिभेच्या मज्जातंतूंच्या पटलात टीआरपीव्ही१ नावाचं एक प्रथिन बसलेलं असतं. एरवी ते ४३ अंशांच्या आसपासच्या उष्णतेला उघडतं आणि मेंदूला 'भाजतंय' असं कळवतं. कॅप्सेसिन त्याला बाहेरून टेकत नाही. आधी ते पटलाच्या मेदात शिरतं आणि आतल्या बाजूने जाऊन त्या प्रथिनाला चिकटतं. म्हणजे पटल मेदाचं आहे म्हणूनच मिरची लागते. पाण्याने ते धुतलं जात नाही, नुसतं तोंडभर फिरतं. दह्या-दुधातलं केसीन त्याला धरून बाजूला काढतं, थोडी मदत दुधातल्या फॅटची. हे प्रथिन शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आणि शोध लावताना त्यांनी कॅप्सेसिनच वापरलं होतं.

मिसळीनंतरच्या जिलेबीबद्दल विज्ञानाकडे तक्रार नाही.

तर्रीबाज

नोबेल! पुढच्या रविवारी हे सांगून एक्स्ट्रा दही मागणार.

निफाडकर

आमच्याकडच्या थंडीचा याच्याशी संबंध आहे का? ताईंनी लिहिलंय, थंड ठेवल्यावर रंग मिसळले नाहीत. जानेवारीत पारा एकदम उतरला की द्राक्षाची फुगवण थांबते. पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, विहिरीचं पाणी सोडतो, ते जरा कोमट असतं म्हणून. दोन-तीन वर्षांमागे दवाचं बर्फ झालं तेव्हा बांधाकडच्या ओळीतली कोवळी पानं ऊन पडल्यावर उकडल्यासारखी झाली. हिरवी, पण ओली, लोंबती. दुपारपर्यंत काळी.

जीवशास्त्रवाली

दादा, संबंध अगदी थेट आहे.

खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली थिजतं, करडईचं थिजत नाही. खोबरेलात बहुतेक संपृक्त मेदाम्लं, त्यांच्या शेपट्या सरळ, त्या एकमेकींना चिकटून दाटीने बसतात. असंपृक्त मेदाम्लाच्या शेपटीला दुहेरी बंधापाशी वाक असतो, त्यामुळे रेणू लांब लांब राहतात आणि तेल पातळ राहतं. पटलातही हेच चालतं. गारठा वाढला की पटल घट्ट होऊ लागतं, त्यातली प्रथिनं मंदावतात, मुळं पाणी कमी ओढतात. झाड गप्प बसत नाही. थंडी हळूहळू वाढली तर त्याची विकरं शेपट्यांमध्ये दुहेरी बंध घालत जातात आणि पटल पुन्हा वाहतं होतं. थंड पाण्यातले मासे आणि जिवाणूही हेच करतात. पण पारा एका रात्रीत घसरला तर तयारीला वेळच मिळत नाही. तुमचं 'एकदम उतरला की' हे निरीक्षण म्हणूनच महत्त्वाचं.

उकडल्यासारखी पानं ही त्याच्या पुढची पायरी. तिथे बर्फ झालेला असतो. पेशीबाहेर बर्फाचे कण वाढतात, पेशीतलं पाणी ओढून घेतात आणि पटल फाटतं. ऊन पडून बर्फ वितळला की आतला रस गळून पानभर पसरतो, म्हणून पान ओलं दिसतं. आणि वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली रसायनं एकत्र येतात, म्हणून काळं पडतं.

शुद्ध_देशी

हे सगळं ठीक. पण आमचे आजोबा वाटीभर तूप प्यायचे आणि नव्वदीपर्यंत ठणठणीत होते. कोलेस्टेरॉल पटलाला लागतं हे तुम्हीच मान्य कराल. मग ते कमी करायच्या गोळ्या कशाला? माझ्या मेव्हण्याने व्हिडिओ बघून गोळी सोडली, मस्त आहे तो.

एमडी_पंचवटी

तुमचे मेव्हणे मस्त आहेत हे त्यांना *वाटतं* आहे. वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत-खुपत नाही, हीच तर अडचण. त्यांना म्हणावं, ज्यांनी गोळी दिली त्यांना याच आठवड्यात भेटा.

कोलेस्टेरॉल पटलाला लागतं, शंकाच नाही. फॉस्फोलिपिडच्या मध्ये ते बसतं, गरम झाल्यावर पटल फार सैल होऊ देत नाही आणि गार झाल्यावर थिजू देत नाही. पित्ताम्लं, स्टेरॉइड संप्रेरकं त्यापासूनच होतात, कातडीत ऊन लागून ड जीवनसत्त्व होतं तेही त्याच्याच आधीच्या रेणूपासून. पण हे सगळं कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवू शकतं. तुमच्या दाव्यात गल्लत होते ती इथे: पेशीतलं कोलेस्टेरॉल आणि रक्तातून एलडीएलच्या कणांत फिरणारं कोलेस्टेरॉल, हे दोन वेगळे हिशोब आहेत. यकृताच्या पेशींवर एलडीएल उचलून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल याच कामाबद्दल मिळालं. काही घराण्यांत हे ग्राहक जन्मतः सदोष असतात, आणि तिशी-चाळिशीत हार्ट अटॅक येतात. संपृक्त मेद जास्त खाल्ला की चांगल्या माणसातही हे ग्राहक कमी होतात, एलडीएल रक्तात रेंगाळतं आणि धमनीच्या अस्तरात घुसतं. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळीने, उलट होतं: यकृताचं स्वतःचं उत्पादन घटतं, म्हणून ते ग्राहक वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. पटलं उपाशी राहत नाहीत.

आता चार चमच्यांचा हिशोब. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर वीस ग्रॅम तूप. ग्रॅमला ९ कॅलरीप्रमाणे १८० कॅलरी, आणि त्यात संपृक्त मेद बाराएक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते, संपृक्त मेदातून दिवसाच्या १० टक्क्यांहून जास्त ऊर्जा नको. २००० कॅलरीच्या आहारात ते होतात २२ ग्रॅम. म्हणजे अर्ध्याहून जास्त कोटा तुपातच संपला. दूध, पनीर, फरसाण, बेकरी अजून बाकी. आजोबा शेतात नांगर धरायचे, तुम्ही बहुधा लॅपटॉप धरता.

शुद्ध_देशी

डॉक्टर, लॅपटॉपचं बरोबर ओळखलंत. मेव्हण्याला सांगतो. आजोबांच्या बाबतीत मात्र माघार नाही.

रात्रपाळी_सिस्टर

उशिरा लिहितेय, आत्ताच ड्यूटी संपली. संपृक्त फॅट म्हणजे वाईटच, असं वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करते. दिवस पूर्ण भरायच्या खूप आधी जन्मलेलं बाळ श्वास घेताना कण्हतं, प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. त्याच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट पुरेसं तयार झालेलं नसतं. हवेच्या पिशव्यांच्या आतल्या ओलाव्यावर एक पातळ स्निग्ध थर लागतो, तो नसेल तर श्वास सोडला की पिशव्या मिटून जातात. तो थर ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा बनतो. त्यातला मुख्य घटक फॉस्फोलिपिडच आहे, आणि त्याच्या दोन्ही शेपट्या संपृक्त. सरळ शेपट्या दाटीने बसतात म्हणूनच तो काम करतो, हे आज वरचा खोबरेल तेलाचा प्रतिसाद वाचून डोक्यात बसलं. एवढी वर्षं नुसतं पाठ होतं.

औषधाची छोटीशी कुपी असते, आत पांढरं, दुधासारखं. गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढलेलं. फ्रिजमधून काढून तळहातात धरून कोमट करायची, हलवायची नाही, फेस होतो, नुसती हळू गोल फिरवायची. मग डॉक्टर नळीतून फुप्फुसात सोडतात. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा काही मिनिटांत चढायला लागतो. एका आजीने काचेतून पाहून विचारलं होतं, "सिस्टर, नाकातून दूध पाजताय का?"

एमडी_पंचवटी

सिस्टर, +१. १९५९ मध्ये मेरी एलेन एव्हरी यांनी या बाळांच्या फुप्फुसात हा थर कमी असतो हे दाखवलं. त्याआधी सगळा दोष भलत्याच गोष्टींवर जायचा. आणि तो थर बाळाच्या फुप्फुसातल्या पेशी स्वतः बनवतात. आईने गरोदरपणात किती तूप खाल्लं यावर तो अवलंबून नाही. वेळेआधी प्रसूती होईल असं दिसलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात.

पेठची_बाई

मॅडम, ती 'दोन मेदाम्लं' राहिली. आमच्या शाळेत पोषणावर बोलायचंय. मुलं इथलीच, सुरगाणा-पेठची. घरी नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी. त्यांना दुकानातलं महागडं काही सांगण्यात अर्थ नाही.

जीवशास्त्रवाली

बाई, तुमच्या मुलांच्या चटणीतच एक आहे!

शरीर बहुतेक मेदाम्लं बनवतं, पण शेपटीच्या टोकाजवळ दुहेरी बंध घालायचं विकर माणसात नाही. म्हणून लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन बाहेरूनच घ्यावी लागतात. पहिलं ओमेगा-६ घराण्यातलं, दुसरं ओमेगा-३. १९२९ मध्ये बर आडनावाच्या शास्त्रज्ञ दांपत्याने उंदरांना मेद अजिबात नसलेला आहार देऊन पाहिला. कातडी खवल्यांसारखी झाली, वाढ खुंटली. थोडं योग्य तेल दिल्यावर सुधारले.

खुरासणी, करडई, तीळ, सूर्यफूल यांत लिनोलेइक भरपूर. ते आपल्याकडे कमी पडत नाही. कमी पडतं ते दुसरं. त्याला जवस. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक असतं. जवस भाजून कुटून चटणी करा. अख्खे दाणे न चावता गिळले तर तसेच बाहेर जातात. मेंदूच्या आणि डोळ्यांच्या पेशींच्या पटलात लागणारं डीएचए नावाचं ओमेगा-३ मेदाम्ल शरीर यापासून बनवतं, पण फार थोडं. मासे खाणाऱ्या घरांत ते थेट मिळतं, म्हणून ज्यांच्याकडे चालतात त्यांना मासे सांगा. मेंदूच्या कोरड्या वजनात निम्म्याहून जास्त मेद असतो, हे मुलांना सांगितलं की ती हमखास एकमेकांच्या डोक्याकडे बघून हसतात.

आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शोषायला जेवणात थोडं तेल लागतंच. शेवग्याच्या पाल्याच्या भाजीला फोडणी हवी. माझ्या ट्रॅकवरच्या 'तेल बंद' पार्टीने हेही वाचावं.

पेठची_बाई

खुरासणीचं ऐकून बरं वाटलं. बाजारात तिला पाखरांचं खाद्य म्हणूनच भाव मिळतो.

सातपूर_शिफ्ट

वडापावच्या गाडीवरचं तेल आणि डालडा?

एमडी_पंचवटी

वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट हे खरं टाळायचं. एलडीएल वाढवतं आणि एचडीएल कमी करतं. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपात त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. काळं पडेपर्यंत तापवलेलं तेल मात्र कायद्याच्या कागदाने सुधारत नाही, ती गाडी ओलांडून पुढे जा.

निफाडकर

ताई, एक शेवटचं. बेदाण्याला आम्ही डिपिंग ऑइल वापरतो. त्याने घड लवकर सुकतात, ते पटल फोडतं का?

जीवशास्त्रवाली

तिथे काम मुख्यतः वरच्या मेणावर होतं. द्राक्षाच्या सालीवरची पांढुरकी लव म्हणजे मेण, तेही मेदाचंच भावंड. ते पाणी आत अडवून धरतं. डिपिंग ऑइलमध्ये इथाइल ओलिएट असतं, सोबत पोटॅशियम कार्बोनेट. त्याने मेणाच्या थराची रचना बदलते आणि मण्यातलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. साल फाटत नाही, म्हणून बेदाणा चिकट होत नाही.

निफाडकर

बरोबर. द्रावण कडक झालं की मणी फुटून चिकट होतात, तेव्हा मात्र माल मातीत.

तर्रीबाज

द्राक्षाचा वेगळा धागा काढा राव, इथे अजून शेव आणि पापडाच्या तेलावर चर्चा झालेली नाही.